गाडीत ठेवायची सिलिका जेलची पिशवी: रात्रपाळीला चोख, दिवसपाळीला बिनकामाची

गाडीच्या समोरच्या काचेवर आतून वाफ धरते म्हणून सिलिका जेलची, म्हणजे हवेतलं पाणी शोषणाऱ्या खड्यांची, ही पिशवी घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना उत्तर आधीच देऊन टाकते. गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते आणि सकाळी दार उघडलं की काच आतून ओली मिळते, अशी तक्रार असेल तर खुशाल घ्या. चालत्या गाडीत काच धुरकट होत असेल तर मात्र तुमचा इलाज गाडीतच बसवलेला आहे, त्यासाठी वेगळं काही विकत आणायला नको.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वस्तू कोरड्या ठेवायला डेसिकेटर नावाचं जाड काचेचं झाकणाचं भांडं असतं, त्याच्या तळाशी सिलिका जेलचे निळे खडे. पाणी पिऊन ते गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून परत निळे करायचे, हे माझ्या नेहमीच्या कामांपैकी एक. त्यामुळे तीच वस्तू कापडात शिवून, खोक्यावर पावसातून सुसाट निघालेल्या गाडीचं चित्र छापून माझ्यापुढे आली तेव्हा कौतुकापेक्षा संशयच जास्त वाटला. आणि संशय आला की मी वजन करते, सवयच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पिशव्या ढीगभर नावांनी मिळतात आणि आतला माल सारखाच असतो.

दोन तळहातांवर मावेल एवढी राखाडी कापडी पिशवी, आत एक किलो दाणे. एका बाजूला घसरू नये म्हणून रबराचे ठिपके, आणि कोपऱ्यात नखाएवढा गोल दर्शक: कोरडी असली की निळा, पाणी भरलं की गुलाबी. हा निळा-गुलाबी खेळ कोबाल्ट क्लोराइडचा. युरोपीय संघाने २००८ साली ते अतिशय चिंताजनक रसायनांच्या यादीत घातलं, म्हणून हल्ली नारिंगीचा हिरवा होणारा दर्शकही बऱ्याच ठिकाणी दिसतो. निवड असेल तर तो घ्या. निळा आलाच तरी बिघडत नाही, तो प्लास्टिकच्या आड बंद असतो. फक्त तो कुरतडायला लहान मुलांच्या हाती देऊ नका. घेताना रंगापेक्षा शिवण नीट बघा. माझ्या पिशवीची एक कड एकेरी शिवणीची निघाली आणि तिथून बारीक पांढरी पूड सीटवर सांडायला लागली. मी घरीच दुसरी शिवण मारली.

आता वजन. कोरडी पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडा लिहून ठेवला, रात्री गाडीत ठेवली आणि सकाळी परत काट्यावर. ओल्या हवेच्या दिवसांत सुरुवातीला एका रात्रीत वीस-पंचवीस ग्रॅम वाढतात, मग वेग मंदावतो आणि अडीचशे ग्रॅमच्या आसपास वाढ थांबते. पुस्तकातल्या हिशेबाशी हे जुळतं. हवा चांगली दमट असेल तर सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी धरतं, हवा कोरडी असेल तर कमी. खोक्यावर मात्र ‘अर्धा लिटर पाणी शोषते’ असं ठळक छापलंय. एक किलो दाण्यांकडून ते होणं नाही. छापणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणावं, तर आत दिलेल्या कागदावर बारीक अक्षरात खरा आकडा आहे!

वीस-पंचवीस ग्रॅम ऐकायला अगदीच किरकोळ वाटतात ना? हिशेब मांडून बघा. छोट्या मोटारीच्या पोटात साधारण तीन घनमीटर हवा असते. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहू शकतं, १० अंशांना जेमतेम ९. संध्याकाळी आतली हवा बाष्पाने पुरती भरलेली असेल आणि पहाटेपर्यंत पारा विसावरून दहावर आला, तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास पाण्याला हवेत जागाच उरत नाही. हे पाणी बसतं सगळ्यात थंड जागी, आणि ती जागा म्हणजे समोरची काच. ती तिरकी असते, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते. दारांच्या काचा उभ्या, त्यांना आकाश कमी दिसतं. म्हणून कित्येकदा दारांच्या काचा कोरड्या असताना समोरची मात्र ओलीचिंब असते. गाडी छपराखाली किंवा दाट झाडाखाली उभी असली की हा त्रास कमी होतो. समोरच्या काचेवर बाहेरून नुसतं जाड कापड टाकलं तरी फरक पडतो, तोही फुकटात.

म्हणजे रात्री काचेवर जेवढं पाणी येऊ शकतं, जवळपास तेवढंच ही पिशवी एका रात्रीत उचलते. जोड बरोबर जमते. पिशवी कोरडी असेल तर सकाळी काच स्वच्छ, फार तर खालच्या कडेला बोटभर पट्टा धुरकट. पिशवी भरलेली असेल तर असून नसल्यासारखी. रात्रपाळीचे गुण मी पूर्ण देते.

दिवसपाळीचं मात्र काही खरं नाही. खोक्यावर दुसरं वाक्य आहे, ‘प्रवासातही काच स्वच्छ’. माणूस नुसता बसून असला तरी श्वास आणि त्वचा मिळून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. गाडीत चौघं बसली की दोनशे ग्रॅमच्या घरात गेलं. पिशवी रात्रभरात जेवढं पिते तेवढं आपण चौघं सात-आठ मिनिटांत तयार करतो. त्यात ओली छत्री, ओले बूट. बिचाऱ्या पिशवीने काय काय करावं?

इथे काम येतं ते एसीचं बटण, आणि यावरून आमच्या गाडीत कायम वाद असतो. सासरे मागे बसतात, त्यांना थंडी सोसत नाही.

“अगं, बाहेर पाऊस, आणि तू एसी कसला लावतेस? बंद कर बघू.”

“बाबा, गरमवर ठेवलाय. गार वारा येतोय का तुमच्याकडे?”

“गार नाही, पण एसी तो एसीच.”

एसीचं अर्धं काम हवा गार करणं आणि अर्धं काम हवा कोरडी करणं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. आत थंडगार जाळी असते, हवा तिच्यावरून जाताना पाणी तिथेच सोडते आणि ते नळीतून गाडीखाली ठिबकतं. मग ती कोरडी झालेली हवा हीटरवरून नेऊन गरम करता येते. कोरडी आणि गरम हवा काचेवर आली की दुहेरी फायदा: काच तापते, आणि हवेत पाणी घ्यायला जागा असते. म्हणून बटणं अशी लावायची: वारा समोरच्या काचेकडे, पंखा जोरात, एसी चालू, तापमान गरमकडे, आणि हवा बाहेरून घेणारं. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचं बटण दाबलं की एसी आपोआप चालू होतो, दिवा लागो न लागो. कडाक्याच्या थंडीत, पारा शून्याच्या जवळ गेला की जाळीवर बर्फ धरू नये म्हणून बहुतेक गाड्यांचा एसी स्वतःच थांबतो. तेव्हा नुसत्या गरम हवेवर भागवायचं, आणि तेव्हा भागतंही.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते हवा बाहेरून घेण्यावर. बाहेर धो धो पाऊस असताना बाहेरची ओली हवा आत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण बाहेर १० अंश असतील तर भिजल्या हवेतही घनमीटरला ९ ग्रॅमच बाष्प असतं. तीच हवा आत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिच्यात २३ ग्रॅमची जागा होते, म्हणजे ती चांगलीच कोरडी म्हणायची. उलट आतलीच हवा फिरवत ठेवली तर चौघांचे श्वास तिच्यात साठत जातात. धुळीमुळे किंवा धुरामुळे आतली हवा फिरवायचं बटण दाबलेलं असतं आणि मग विसरून जातो. वाफेच्या तक्रारींपैकी निम्म्या तिथेच मिटतील.

बाबांच्या आग्रहाखातर मी कधी एसी बंद केलाच, तर मिनिटाभरात काच पांढरीफट होते. जाळीवर साचलेलं पाणी आता पंख्याच्या वाऱ्याने उडून थेट काचेवर येतं. त्यामुळे काच साफ झाली म्हणून लगेच एसी बंद करायचा नाही. बाबांना हे मी दोनदा प्रत्यक्ष दाखवलं. त्यांनी पंख्यालाच दोष दिला.

एक उलटं प्रकरणही असतं. हवा उबदार आणि दमट, एसीचा गार वारा समोरच्या काचेवर सोडलेला, आणि काच धुरकट. आत कितीही पुसा, जात नाही, कारण धुकं बाहेरून आहे: काच आतून गार पडली आणि बाहेरच्या हवेने तिच्यावर पाणी सोडलं. शंका असेल तर आतून बोट फिरवा. रेघ उमटली नाही तर एकदा वायपर मारा आणि गार वारा काचेवरून हटवा. पिशवीवाल्यांना यात काहीच भूमिका नाही.

आता पिशवीचा खरा उपयोग, जो खोक्यावर कुठेच लिहिलेला नाही. मध्यंतरी पावसाचा पत्ता नव्हता, हवा कोरडी होती, तरी पिशवी दोन-तीन रात्रींत भरून गुलाबी व्हायला लागली. काट्यावरही तेच. एवढं पाणी हवेतून येणं शक्य नव्हतं. म्हणजे गाडीत कुठेतरी साठा होता. काच सतत धुरकट होते म्हणून गाडी आधी सर्व्हिसिंगला दाखवली होती, तिथल्या माणसाने ‘या दिवसांत होतंच’ म्हणून बोळवण केली होती. मी शेजारच्या सीटसमोरची रबरी पायपुसणी उचलली. वरून कार्पेट कोरडं. पण मूठ दाबली तर खालच्या फोममधून बोटांच्या फटीत पाणी वर आलं, आणि ओल्या सतरंजीसारखा कुबट वास. कार्पेटची कड उचलली तर खाली पत्र्यावर पाणी चमकत होतं.

दोष एसीच्या पाण्याच्या नळीचा निघाला. धूळ आणि शेवाळासारखा गाळ साठून ती बुजली होती, म्हणून जे पाणी गाडीखाली ठिबकायचं ते आत उतरत होतं. याची खूण सोपी आहे. उकाड्याच्या दिवशी एसी बराच वेळ चालवून गाडी उभी केली की खाली पाण्याचं छोटं थारोळं दिसायला हवं. दिसत नसेल तर नळी बघून घ्या. पाणी आत यायच्या आणखीही वाटा आहेत: वायपरच्या खालच्या खोबणीत पानं अडकून तिथला निचरा बंद होणं, दाराचं रबर फाटणं, छताला काचेची खिडकी असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबणं. आणि काचेवर वाफेबरोबर चिकट थर येतोय, आत गोडसर वास येतोय, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळत असण्याची शक्यता असते. ते विषारी असतं, त्यात चालढकल करू नका, तडक मेकॅनिककडे.

नळी साफ करायला थोडकाच वेळ लागला, कार्पेट वाळायला मात्र बरेच दिवस. फोमखाली लाकडी ठोकळे घालून, दारं उघडी टाकून उन्हात गाडी ठेवावी लागली. तोवर सिलिका जेलची पिशवी गाडीत ठेवायला नवऱ्याने सुचवलं, पण फोममध्ये लिटरच्या लिटर पाणी असताना पाव किलो उचलणारी पिशवी ठेवणं म्हणजे नुसतं समाधान. मात्र गाडी वाळल्यावर पिशवी परत ठेवली आणि ती आठवडाभर निळी राहिली, तेव्हा खात्री पटली. ओल कुठे मुरते आहे का हे सांगणारी एवढी स्वस्त आणि प्रामाणिक वस्तू दुसरी नाही.

वाळवण्याबद्दल. सोबतच्या कागदावर मायक्रोवेव्ह सांगितलाय आणि मिनिटं दिली आहेत. ती मिनिटं एका दमात लावू नका. बशीत पिशवी आडवी ठेवा, दर्शक वर, मध्यम ताकद, दोन-तीन मिनिटं. मग उलटी करून पुन्हा. आतून दमट वाफ येते, मायक्रोवेव्हच्या दाराला पाणी सुटतं, ते पुसून घ्या. दाणे आतून खूप तापतात आणि कापड पॉलिएस्टरचं असेल तर कडेला आक्रसतं. माझ्या पिशवीचा एक कोपरा तसा झालाय. साधा ओव्हन असेल तर ११०-१२० अंशांवर एक-दोन तास, हे जास्त सुरक्षित. फक्त पिशवीवर ‘ओव्हन चालेल’ असं लिहिलेलं हवं. दर्शक निळा झाला म्हणून थांबायचं नाही, तो कडेचा असतो आणि मधले दाणे मागे राहतात. कोरड्या वजनावर काटा आला की झालं. आणि गरम पिशवी ओट्यावर उघडी ठेवून निवू देऊ नका, घरातल्याच हवेतलं पाणी प्यायला लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. आम्ही खडे डेसिकेटरमध्ये झाकून निववतो ते याचसाठी.

गाडीतल्या उन्हात वाळते का? खोक्यावरचा सल्ला ‘डॅशबोर्डवर ठेवा’ असा आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात चांगला तापतो. पिशवी तापली की रात्री घेतलेलं पाणी थोडंफार सोडते. सोडते कुठे? गाडीतच. काही फटींतून बाहेर जातं, बाकीचं संध्याकाळी थंड काचेवर यायला तयार. शिवाय शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. ती फुटली तर एक किलोची पिशवी कोणाच्या तोंडावर जाईल, याचा विचार छापणाऱ्याने केलेला दिसत नाही. उन्हाच्या वेळी काचेत पिशवीचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच. मी गाडी उभी केल्यावरच ठेवते, रात्री, आणि सकाळी उचलून डब्यात टाकते. रोजचं काम आहे, कंटाळा असणाऱ्यांनी सीटखाली घट्ट बसेल अशी ठेवावी.

सोबत वापरून पाहिलेल्या इतर गोष्टी थोडक्यात. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी पिशवीपेक्षा जास्त खेचतात, पण ते स्वतः विरघळून खारट पाणी साठतं. वळणावर डबा कलंडला की ते कार्पेटखाली पत्र्याला जाऊन भिडतं, आणि गंज. चालत्या गाडीत नकोच. काचेवर मारायचे वाफरोधक स्प्रे म्हणजे बहुतेक साबणासारखं रसायन. पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा होतो म्हणून आरपार दिसतं. ताजं असताना छान, काही दिवसांनी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत रेघा दिसायला लागतात. दाढीचा फेस काचेवर चोळून पुसतात, तो हाच प्रकार. बाहेरून पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून लावतात ते द्रव आतून लावू नका. त्याने उलट बारीक थेंब धरतात.

स्प्रेपेक्षा काच आतून धुणं कधीही चांगलं. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्यातून तेलकट वाफा निघतात आणि काचेवर थर बसतो. पांढऱ्या कापडावर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मी पहिला हात मारला तेव्हा कापड चहाच्या रंगाचं झालं, आणि गाडीत कोणी सिगारेटही ओढत नाही. दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने लगेच पुसायचं, नाहीतर रेघा राहतात. थर गेला की वाफ उशिरा धरते आणि धरली तरी लवकर जाते. हाताच्या पंजाने काच पुसायची सवय मात्र घरातल्या सगळ्यांची मोडावी लागते, प्रत्येक पंजाचं तेल पुढच्या वेळी ठसा होऊन समोर येतं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक खोक्यावरच्या थापांसाठी कापला, अर्धा शिवणीसाठी. पुन्हा घ्यायची झाली तर एक किलोची एक न घेता अर्ध्या किलोच्या दोन घेईन: एक गाडीत, एक वाळवून डब्यात. अर्ध्या किलोची मायक्रोवेव्हमध्ये आतपर्यंत सारखी तापतेही.